नोंदी यंत्रात कोंडून ठेवू नका

संत्र्याच्या बागेत, विहिरीवर, औषधाच्या दुकानातल्या फ्रिजजवळ किंवा शाळेच्या गच्चीवर तुमच्याकडे एखादी लहानशी पेटी बसवलेली असेल. तापमान, जमिनीतली ओल, पाऊस किंवा पाण्याची पातळी ती ठरलेल्या वेळी मोजते आणि स्वतःजवळ साठवून ठेवते. तिला डेटा लॉगर म्हणतात. कुणी ती अनुदानातून घेतली असेल, कुणी शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत, कुणाकडे शिकलेल्या मुलाच्या आग्रहानं आली असेल.

पेटी बसवायला कंपनीचा माणूस आला होता. त्यानं लॅपटॉप जोडला, आलेख दाखवला, चहा घेतला आणि गेला. त्यानंतर तुम्ही स्वतः त्या नोंदी कधी उतरवून घेतल्या का? बऱ्याच घरांत केबल कपाटात पडून असते. सॉफ्टवेअरची सीडी सापडत नाही. नव्या लॅपटॉपला तर ती नऊ पिनची केबल लावायची जागाच नसते.

म्हणून हे लिहितो आहे. काम तुमच्या आवाक्यातलं आहे. अभियंता असण्याची गरज नाही. ज्याला मोबाइलवर पैसे पाठवता येतात, त्याला हेही येईल. फक्त क्रमानं करायचं आणि घाई करायची नाही.

आपल्याकडे याची गरज का आहे

वऱ्हाडातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. एका वावरात तास वाहून जातात आणि नाल्यापलीकडे माती उडते. सरकारनं महावेध प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली. राज्यभरात ती दोन हजारांहून जास्त आहेत आणि आपली माहिती मोबाइलच्या जाळ्यातून स्वतःच पाठवतात. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात. केंद्र ज्या गावात आहे तिथला पाऊस तुमच्या शिवारात पडलाच असेल असं नाही.

संत्र्याच्या फळपीक विम्याचा हिशेब मंडळाच्या केंद्रावरूनच होतो. तुमच्या घरच्या यंत्रावर तो होत नाही, हे आधीच समजून घ्या. त्या आशेनं यंत्र घेऊ नका. पण आंबिया बहाराचा ताण किती दिवस धरायचा, पाणी कधी सोडायचं, फवारणी कोणत्या दिवशी करायची, हे ठरवायला तुमच्या बागेतली नोंदच कामाची.

वरूड-मोर्शीकडे पाण्याचा प्रश्न आणखी कठीण आहे. तिथं उपसा इतका झाला की वरूड तालुका भूजलाच्या बाबतीत अतिशोषित गणला गेला. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून साधारण चार वेळा मोजते. तुमच्या बोअरमध्ये लॉगर सोडलेला असेल तर तो दर तासाला मोजतो. पंप किती वेळ चालला की पातळी किती उतरते आणि रात्रीतून किती भरते, हे त्यातून कळतं. किती झाडं जगवता येतील याचा अंदाज त्यावरच बांधता येतो.

औषधाचं दुकान असेल तर इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. रात्री वीज गेली, पहाटे आली, सकाळी फ्रिज पुन्हा थंड. हात लावून काही कळत नाही. मधल्या चार तासांत काय झालं ते लॉगरलाच माहीत असतं.

हे सगळं खरं, पण नोंद बाहेर आली तर.

यंत्राची जागा भरते, हे लक्षात घ्या

लॉगरची साठवण ठरावीक असते. ती भरली की काही यंत्रं मोजणं थांबवतात. बाकीची रहाटगाडग्यासारखी चालतात. नवी नोंद आली की सर्वांत जुनी पुसली जाते.

हिशेब करून पाहा. यंत्र दर १५ मिनिटांनी मोजतं. दिवसाच्या ९६ नोंदी झाल्या. यंत्रात ८,००० नोंदींची जागा असेल तर ती ८३ दिवसांत भरते. ७ जूनला, मृगाच्या तोंडावर, मोजणी सुरू केली तर २९ ऑगस्टला जागा संपली. म्हणजे पोळ्याच्या सुमाराला पेरणीच्या वेळच्या पावसाची नोंद पुसायला लागते. दिवाळीत कुणी विचारलं की पहिला पाऊस किती पडला होता, तर यंत्राकडे उत्तर नसतं.

तुमच्या यंत्रात किती जागा आहे ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तो आकडा दिवसाच्या नोंदींनी भागा. जितके दिवस येतील त्याच्या निम्म्या दिवसांत नोंदी उतरवायच्या, असं ठरवून टाका. सगळ्यांत सोपं म्हणजे महिन्याची एक तारीख.

आधी यंत्राचं तोंड ओळखा

पेटीच्या खालच्या बाजूला पाहा. वायर जोडायची जागा कशी आहे?

दोन ओळींत नऊ पिना किंवा नऊ भोकं असतील, वर पाच आणि खाली चार, तर ते जुनं, साधं सिरियल पोर्ट आहे. त्याला आरएस-२३२ म्हणतात. हा प्रकार १९६० पासून चालत आला आहे आणि शेतीच्या, दवाखान्याच्या, कारखान्याच्या यंत्रांत अजून भरपूर दिसतो. यात माहिती एकेक करून, एका मागोमाग एक, एकाच वायरीतून जाते. म्हणून वेग कमी, पण काम भरवशाचं.

स्क्रूनं कसायच्या दोनच वायरी असतील आणि शेजारी 'ए' आणि 'बी' लिहिलेलं असेल, तर ते आरएस-४८५ आहे. हे लांबच्या अंतरासाठी असतं. नऊ पिनचं साधारण १५ मीटरपर्यंत चालतं. हे दोन वायरींचं १,२०० मीटरपर्यंत जाऊ शकतं. घर ते विहीर एवढं अंतर असेल तर हेच लागतं.

हेडफोनसारखं गोल भोक असेल तर त्यात हेडफोनची किंवा बाजारातली दुसरी कुठलीही वायर घालू नका. त्या यंत्राची स्वतःची केबल येते, तीच लागते. अशा यंत्रांत वीजदाब ३ किंवा ५ व्होल्टच्या आत असतो. आरएस-२३२ वर तो उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत जातो. चुकीची जोडणी केली तर यंत्र जळतं, आणि हमीमध्येही ते धरत नाहीत.

मोबाइलच्या चार्जरसारखं यूएसबी तोंड असेल तर तुमचं काम सोपं आहे. खालचा बराच भाग सोडून थेट 'जोडण्याआधी जिवाची आणि यंत्राची काळजी' या भागाकडे गेलात तरी चालेल.

केबल घेताना काय विचारायचं

नऊ पिनच्या केबलमध्ये दोन प्रकार असतात आणि दोन्ही बाहेरून अगदी सारख्या दिसतात. एक सरळ, दुसरी क्रॉस. बहुतेकांचं इथंच अडतं.

नऊ पिनांपैकी आपल्याला तीनच महत्त्वाच्या. दोन नंबरची, तीन नंबरची आणि पाच नंबरची. कॉम्प्युटरच्या बाजूनं दोन नंबरवर माहिती येते, तीन नंबरवरून जाते आणि पाच नंबर दोघांची सामाईक. सरळ केबलमध्ये दोन दोनला आणि तीन तीनला जोडलेली असते. क्रॉस केबलमध्ये दोन तीनला आणि तीन दोनला. कोणती लागेल ते लॉगर बनवणाऱ्यावर अवलंबून आहे.

दुकानात गेल्यावर नुसतं "नऊ पिनची केबल द्या" म्हणू नका. दुकानदार हाताला येईल ती देईल. यंत्र सोबत न्या, निदान त्याच्या तोंडाचा फोटो न्या. आणि विचारा, "दादा, ही सरळ आहे की क्रॉस? दोन्ही टोकं मेल आहेत की फिमेल?" पिना असलेल्या टोकाला मेल म्हणतात, भोकं असलेल्याला फिमेल.

यंत्रासोबत आलेली मूळ केबल असेल तर तीच वापरा. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवा आणि 'बागेचा लॉगर' असं पेननं लिहा. घरात एकदा चार काळ्या वायरी एकत्र झाल्या की मग कोणती कशाची ते कुणालाच सांगता येत नाही.

नव्या लॅपटॉपला जोड कशी द्यायची

आता लॅपटॉपला नऊ पिनचं तोंड येत नाही. त्यासाठी यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर लागतो. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिना. अकोल्यात, अमरावतीत कॉम्प्युटरच्या मोठ्या दुकानात मिळतो, किंवा मागवून देतात.

फार स्वस्त घेऊ नका. स्वस्तातल्या काहींमध्ये नकली चिप असते. ती जुन्या विंडोजवर चालते आणि नव्यावर अडते. घेताना दुकानातच तुमच्या लॅपटॉपला लावून पाहा. बिल घ्या.

लावल्यावर असं तपासा.

विंडोजमध्ये 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'पोर्ट्स' नावाची ओळ येईल. ती उघडली की तुमच्या कन्व्हर्टरचं नाव आणि पुढं कंसात 'कॉम ३' किंवा 'कॉम ५' असं काही दिसेल. तो नंबर कागदावर लिहून घ्या. सॉफ्टवेअर तोच विचारणार आहे.

नावावर पिवळा त्रिकोण दिसला तर ड्रायव्हर, म्हणजे कन्व्हर्टर चालवणारं सॉफ्टवेअर, नीट बसलेला नाही. चिपच्या कंपनीचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावा लागेल. तरीही त्रिकोण गेला नाही तर कन्व्हर्टर परत करा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कन्व्हर्टर आज उजव्या बाजूच्या यूएसबीत लावला आणि पुढच्या महिन्यात डाव्या, तर कॉम नंबर बदलू शकतो. मागच्या वेळी चाललेलं या वेळी चालत नाही आणि माणूस गोंधळतो. म्हणून नेहमी एकाच बाजूला लावा. जुनी सॉफ्टवेअर फक्त कॉम १ ते कॉम ४ दाखवतात. तुमचा नंबर कॉम ११ आला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्येच पोर्टच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमधून तो बदलता येतो.

यंत्राला दोष देण्याआधी ही एक चाचणी करा

जोडणी झाली, पण नोंदी येत नाहीत. बिघाड लॉगरमध्ये, केबलमध्ये की कन्व्हर्टरमध्ये? लॉगर कंपनीला पाठवला तर महिना गेलाच. त्याआधी हे करा. लॉगर बाजूला ठेवा, तो यात लागत नाही.

कन्व्हर्टर लॅपटॉपला लावा. त्याच्या नऊ पिनांकडे बारकाईनं पाहा. प्रत्येक पिनेजवळ बारीक आकडा कोरलेला असतो. दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. दोन आणि तीन नंबरच्या पिना शेजारीशेजारी, पाच पिनांच्या ओळीत असतात. इंचभर वायर सोलून तिनं या दोन पिना एकमेकींना जोडा. बाकी कुठल्या पिनेला ती लागू देऊ नका.

आता पुटी किंवा टेरा टर्म नावाचं सॉफ्टवेअर उघडा. दोन्ही फुकट मिळतात. पूर्वी विंडोजमध्ये हायपरटर्मिनल असायचं. एक्सपीनंतर ते काढून टाकलं, म्हणून हे वेगळं घ्यावं लागतं. त्यात 'सिरियल' निवडा, तुमचा कॉम नंबर द्या आणि कीबोर्डवर काहीही टाइप करा.

टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटलं, तर कन्व्हर्टर चांगला आहे. तीन नंबरवरून गेलेलं अक्षर दोन नंबरवर परत आलं. आता वायर काढा आणि पुन्हा टाइप करा. काही उमटलं नाही पाहिजे. असं झालं तर कन्व्हर्टर, ड्रायव्हर आणि कॉम नंबर तिन्ही बरोबर आहेत. दोष पुढं केबलमध्ये किंवा यंत्रात शोधायचा.

या चाचणीला पाच मिनिटं लागतात आणि कुरिअरचा खर्च वाचतो.

वेग जुळवा

लॉगर आणि कॉम्प्युटर दोघांनी एकाच वेगानं बोललं पाहिजे. या वेगाला बॉड रेट म्हणतात. बहुतेक यंत्रांत तो ९६०० असतो. काहींत १२००, २४००, १९२०० किंवा ११५२०० असतो. माहितीपत्रकात तो दिलेला असतो.

सोबत आणखी चार गोष्टी विचारल्या जातात. डेटा बिट्स, पॅरिटी, स्टॉप बिट्स आणि फ्लो कंट्रोल. साधारणपणे पहिल्याला आठ, दुसऱ्याला 'नन', तिसऱ्याला एक आणि चौथ्याला 'नन' असं द्यायचं. तुमच्या माहितीपत्रकात वेगळं असेल तर तसं.

हे सगळं एकदा जुळलं की पडद्याचा फोटो काढून ठेवा. त्याची प्रिंट पेटीच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या वर्षी तुम्ही विसराल, किंवा हे काम दुसरं कुणी करेल.

नोंदी उतरायला किती वेळ लागतो, याची कल्पना असू द्या. ९६०० च्या वेगानं सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं येतात. महिन्याच्या २,८८० नोंदी आणि प्रत्येक ओळीत ४० अक्षरं धरली तर दोन मिनिटांत काम होतं. हाच वेग १२०० असेल तर सोळा मिनिटं. तेवढा वेळ केबल हलवायची नाही आणि लॅपटॉप झोपू द्यायचा नाही.

जोडण्याआधी जिवाची आणि यंत्राची काळजी

सकाळी लवकर जा. आपल्याकडचं ऊन साधं नाही. मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हापायी कलम १४४ लावायची वेळ आली होती. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. नवतपात दुपारी बारा वाजता पत्र्याच्या पेटीवर लॅपटॉप ठेवला तर तो बंद पडणार, आणि तुम्हाला ऊन लागलं तर घरचे हैराण होणार.

लॅपटॉप चार्ज करून न्या आणि जोडताना चार्जर काढून ठेवा. आपल्याकडे कितीतरी घरांत आणि पंपघरांत अर्थिंग नीट नसतं. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या कडेला हात लावला की झिणझिण्या येतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. तोच प्रवाह केबलमधून लॉगरमध्ये जातो आणि पोर्ट उडतं.

आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं, तर केबल काढा आणि घरी या. शेतातून घरापर्यंत लांब वायर ओढलेली असेल तर पावसाळ्यात काम नसताना ती दोन्हीकडून सोडवून ठेवा. जवळपास वीज पडली तरी लांब वायरीत जोराचा दाब येतो. यंत्र जाईल, लॅपटॉप जाईल, आणि हातात केबल असेल तर माणूसही जाईल. नोंदीसाठी जीव धोक्यात घालू नका.

पेटी उघडताना आधी काडीनं टकटक करा. आत गांधीलमाश्यांचं पोळं असू शकतं. पावसाच्या मापकात कोळी जाळं करतो आणि आतली छोटी पालटी अडकते. मग पाऊस पडूनही यंत्र शून्य दाखवतं. ते साफ करा. पण पालटी हलली की यंत्र त्याला पाऊस समजतं. म्हणून साफ केल्याची तारीख आणि वेळ वहीत लिहा.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल, तर पिनांवर हिरवट थर बसलाय का पाहा. कोरड्या मऊ ब्रशनं पुसा. काम झालं की पोर्टला टोपण लावा. टोपण हरवलं असेल तर निदान प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. पेटीत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती बदलत जा.

उतरवताना क्रम चुकवू नका

पहिलं, लॉगरच्या घड्याळात किती वाजले आणि तुमच्या मोबाइलमध्ये किती वाजले, दोन्ही वहीत लिहा. अशा यंत्राचं घड्याळ महिन्याला मिनिटभर पुढं-मागं होतंच. उन्हात जास्त. लिहून ठेवलं की नंतर दुरुस्त करता येतं.

दुसरं, सॉफ्टवेअरमध्ये 'डाउनलोड' किंवा 'रीडआउट' दाबा. टेरा टर्म वापरत असाल तर आधी 'फाइल' मेनूतून 'लॉग' सुरू करा. नाहीतर नोंदी पडद्यावरून वाहून जातील आणि हाती काही राहणार नाही.

तिसरं, फाइल सेव्ह झाली की ती तिथंच, शेतातच, उघडून पाहा. पहिली ओळ कोणत्या तारखेची? शेवटची ओळ आजची आहे का? मधे खंड आहे का? आकडे पटण्यासारखे आहेत का? मे महिन्यात ११ अंश दिसले तर काहीतरी बिघडलं आहे.

चौथं, फाइलची प्रत लगेच पेनड्राइव्हवर आणि मोबाइलवर घ्या.

पाचवं आणि सर्वांत शेवटी, यंत्राची साठवण रिकामी करा. 'क्लिअर' किंवा 'इरेज' हे बटण 'डाउनलोड'च्या शेजारीच असतं आणि घाईत बोट तिथंच पडतं. काही यंत्रांत 'लाँच' किंवा 'स्टार्ट' दाबलं तरी जुनं सगळं पुसलं जातं. वरची चार कामं झाल्याशिवाय या बटणांना हात लावू नका. पुसलेलं परत येत नाही.

सहावं, यंत्र पुन्हा मोजायला लागलं की नाही ते पाहूनच निघा. काही लॉगर केबल जोडली की मोजणं थांबवतात आणि पुन्हा सुरू करावे लागतात.

बॅटरी बदलायची असेल तर आधी नोंदी उतरवा, मग बॅटरी काढा. जुन्या यंत्रांत बॅटरी निघाली की सगळ्या नोंदी जातात.

फाइलमधली तारीख आणि पावसाचा दिवस

दोन गोष्टींवरून पुढं भांडणं होतात. दोन्ही आत्ताच मिटवा.

पहिली तारखेची. ०७/०६ म्हणजे आपल्यासाठी ७ जून. पण कॉम्प्युटर अमेरिकी पद्धतीवर ठेवलेला असेल तर तो ६ जुलै समजतो. एक्सेलमध्ये फाइल उघडली की हे गुपचूप होतं आणि मृगाचा पाऊस जुलैत जाऊन बसतो. बारा तारखेपर्यंत हा घोळ लक्षात येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर तारीख वर्ष-महिना-दिवस अशी ठेवा. नसेल तर लॅपटॉपमधली पद्धत भारताची करा. मूळ फाइल कधीही बदलू नका. तिची प्रत काढून तिच्यावर काम करा.

दुसरी पावसाची. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. तुमचं यंत्र मात्र रात्री बारा ते रात्री बारा असा दिवस धरत असेल. मग रात्रभर पडलेला पाऊस तुमच्याकडे दोन दिवसांत विभागला जातो आणि सरकारी नोंदीत एकाच दिवशी दिसतो. आपल्या राज्यात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तुमच्या कागदावर ४० आणि ३० दिसतील आणि मंडळाच्या नोंदीत ७० असेल. दोन्ही यंत्रं बरोबर असतात. बेरीज करताना सकाळी साडेआठ ते साडेआठ धरा, म्हणजे तुलना करता येईल.

काय दिसलं तर काय करायचं

पडद्यावर चित्रविचित्र खुणा आल्या, तर वेग जुळलेला नाही. बॉड रेट बदलून पाहा.

काहीच आलं नाही, तर कॉम नंबर तपासा. तो बरोबर असेल तर केबल सरळऐवजी क्रॉस लावून पाहा, किंवा क्रॉसऐवजी सरळ.

आरएस-४८५ असेल आणि उत्तर येत नसेल, तर 'ए' आणि 'बी'च्या वायरींची अदलाबदल करा. त्यानं काही बिघडत नाही.

'ॲक्सेस डिनाइड' आलं, तर दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरनं ते पोर्ट धरून ठेवलं आहे. एका वेळी एकच सॉफ्टवेअर ते वापरू शकतं. पुटी उघडं राहिलं असेल, ते बंद करा.

नोंदी अर्ध्यावर थांबल्या, तर केबल सैल आहे किंवा लॅपटॉप झोपला. दोन्ही बाजूंचे स्क्रू हातानं आवळा आणि पुन्हा सुरुवातीपासून उतरवा.

जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बसतच नसेल, तर घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. त्याला मागे नऊ पिनचं तोंडही असतं. इंटरनेट न जोडता फक्त या कामाला तो ठेवा.

मदत कुणाकडे मागायची

घरात बारावीतली किंवा कॉलेजातली मुलगी, मुलगा असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या आणि शेजारी बसा. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं आहेत. उत्पादक कंपनीच्या दहा यंत्रांसाठी त्यांतला एखादा गट आनंदानं येईल. प्रवासखर्च आणि जेवण द्या, त्यांना फुकट राबवू नका.

आकड्यांचा अर्थ लावायला कृषी विज्ञान केंद्रात जा. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या मातीवर आणि हवामानावर काम करतं आहे. पण रिकाम्या हातानं जाऊ नका. "यंदा ओल कमी वाटते" असं सांगितलं तर शास्त्रज्ञ अंदाजानं उत्तर देतील. तीन महिन्यांची फाइल समोर ठेवली तर तुमच्या वावरापुरता सल्ला मिळेल.

यंत्र विकणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्या. माहितीपत्रक, केबलमधल्या पिनांची जोडणी आणि सॉफ्टवेअरची प्रत. नवीन यंत्र घेत असाल तर पैसे देण्याआधी मागा. नोंदी साध्या सीएसव्ही फाइलमध्ये निघतात का, हेही विचारा. फक्त त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल देत असतील, तर कंपनी बंद पडली की तुमच्या नोंदी वाचता येणार नाहीत.

आणि घरातल्या किमान दोघांना हे काम येऊ द्या. ज्याला येतं तो पुण्याला नोकरीला गेला की यंत्र बंद, असं व्हायला नको.

येत्या रविवारी सकाळी केबल शोधा. कॉम नंबर लिहा, वेग लिहा, एकदा नोंदी उतरवून पाहा. जमलं नाही तर मृगाआधी कळेल आणि दुरुस्तीला वेळ मिळेल. पोळ्याला कळलं तर तोवर जूनच्या नोंदी पुसल्या गेलेल्या असतील, आणि त्या कुठलीच कंपनी परत आणून देऊ शकत नाही.